राखून ठेवलेलं बी

सूर्यफुलाचं एक बी तळहातावर घ्या. लगेच फोडू नका. टरफलावरून बोट फिरवा, श्वास संथ होऊ द्या. आत तेल किती, ते वरून बघून कुणालाच कळत नाही. त्या न कळण्यापाशी थोडं थांबू या.

1912 साली दक्षिण रशियात, क्रास्नोदारजवळ, वसिली पुस्तोवोइत याच प्रश्नावर कामाला लागले. निवडलेल्या प्रत्येक फुलाचं बी ते वेगळं ठेवत. थोडं पेरत, उरलेलं राखून ठेवत. पेरलेल्याची संतती तेलात आणि उताऱ्यात खरी उतरली, तरच राखलेलं बी बाहेर निघे आणि तशाच निवडक बियांच्या शेजारी पेरलं जाई. असे हंगामामागून हंगाम गेले. बियांतलं तेल सुमारे 30 टक्क्यांवरून 50 टक्क्यांपर्यंत चढलं. मला त्यांच्या पारखण्याहून त्यांचं राखणं मोठं वाटतं.

आता बी दातांखाली हलकेच फोडा. स्निग्धपणा जिभेवर पसरू द्या. बी भरताना आधी ओलेइक आम्ल तयार होतं. मग एक विकर त्यात आणखी एक दुहेरी बंध घालतं आणि लिनोलेइक आम्ल होतं. असे बंध वाढले की तापवलेलं तेल लवकर बिघडतं. 1976 साली त्याच क्रास्नोदारमधून सोल्दातोव यांचा ‘पेर्वेनेत्स’ वाण पुढे आला. बियाण्यावर रसायनाची प्रक्रिया करून मिळालेल्या या वाणाच्या बीत ती शेवटची पायरी जवळजवळ बंद आहे. त्याच्या वंशातल्या वाणांच्या तेलात ओलेइक 80 टक्क्यांच्या पुढे जातं. तळणीत टिकणारं तेल हवं म्हणून वनस्पती तुपाकडे वळायला नको. झाडाने एक काम करायचं थांबवलं, एवढंच घडलं. इथे हवा तेवढा वेळ बसा.

मग मन शेताकडे न्या. 1969 मध्ये रशियन वाणांचं बियाणं भारतात आलं. सूर्यफूल बरंचसं परपरागीकरणावर अवलंबून. मधमाश्या कमी पडल्या की दाणे पोचट राहतात. म्हणून आपल्याकडे शेतकरी फुलोऱ्यात सकाळी हाताला तलम कापड गुंडाळून एकेका फुलावरून हात फिरवतात. शेतभर फुलं आणि तो एक हात, डोळ्यांपुढे आणा. पैदासकार फुलावर पिशवी बांधून मधमाशीविना किती दाणे भरतात ते बघतात आणि भरणारी झाडं पुढच्या संकरासाठी निवडतात. त्या हाताचे कष्ट कमी व्हावेत, असं मनापासून वाटतं. मधमाशी मात्र अशा वाणावरही येतेच, तेव्हा फुलोऱ्यात कीटकनाशकाची फवारणी तिथेही टाळायची.