राजपदाचा अर्थ

आपल्या देशातील पुष्कळ आस्तिक गृहस्थांच्या मनात एक हळहळ असते. रामराज्याची कथा ऐकताना त्यांना वाटते की राजे गेले आणि त्यांच्याबरोबर धर्मही राज्यकारभारातून गेला. उलटपक्षी, राजेशाही म्हणजे एका मनुष्याची लहर, असे म्हणून तिची थट्टा करणारेही थोडे नाहीत. राजा या शब्दाने आपल्या शास्त्रांना काय अभिप्रेत होते, याचा विचार मात्र दोन्ही पक्ष क्वचितच करतात.

गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी मनुष्यांतील राजा ही आपली विभूती म्हणून सांगितली आहे, हे खरे. परंतु त्याच गीतेचा आरंभ एका राजाच्या प्रश्नाने होतो आणि तो राजा अंध आहे. पहिल्याच श्लोकात तो आपले पुत्र निराळे आणि पांडूचे पुत्र निराळे अशी वाटणी करतो. पांडू वनात गेल्यावर जे राज्य सांभाळण्यासाठी हाती आले, ते धृतराष्ट्र आपल्या घरचे समजू लागला. कुरुक्षेत्रावरील संहाराचे बीज या एका समजुतीत आहे. डोळ्यांच्या अंधत्वाने एवढा अनर्थ झाला नसता.

धर्मशास्त्राने राजाला प्रजेच्या उत्पन्नाचा षष्ठांश घेण्याचा अधिकार दिला. हा मालकाचा खंड नव्हे. रक्षणाचे वेतन होय. मनुस्मृतीने या हिशेबाची दुसरी बाजूही मांडून ठेविली आहे. राजा रक्षण करील तर प्रजेच्या पुण्याचा सहावा भाग त्याचा; न करील तर पापाचाही सहावा भाग त्याच्याच माथी. सत्तेबरोबर पापाचा वाटा चुकत नाही, ही कल्पना काढून टाकली की उरतो तो केवळ सिंहासनाचा डौल.

मग राजपुत्र नालायक निघाला तर? वंशपरंपरेतील हा दोष आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हता असे नाही. भागवतातील अंग राजा सत्त्वशील होता; त्याचा पुत्र वेन इतका उन्मत्त झाला की ईश्वराऐवजी आपलीच पूजा करा, असे सांगू लागला. ऋषींनी त्याला नाहीसे केले. पुढे चोरांचा उपद्रव वाढला, तेव्हा त्यांनीच पृथूला राज्यावर बसविले. राजपद राखले, राजा बदलला.

हा विचार पोथीतच राहिला असेही नाही. त्रावणकोरच्या मार्तंडवर्म्याने १७५० मध्ये आपले राज्य श्रीपद्मनाभस्वामींना अर्पण केले आणि तेथील राजे पद्मनाभदास म्हणवू लागले. मेवाडचे महाराणे स्वतःस एकलिंगजींचे दिवाण समजत. रथयात्रेत पुरीचे गजपती सोन्याच्या मुठीच्या झाडूने जगन्नाथाचा रथ झाडतात. १८०३ मध्ये ओडिशा इंग्रजांकडे गेला, पण ही सेवा आजही चालू आहे. अर्थात, देवाचे दास म्हणवून प्रजेला नाडणारे राजेही होऊन गेले. बिरुदाने कोणी दास होत नाही. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तर १९३९ मध्ये, महात्मा गांधींच्या सल्ल्याने, नवी घटना देऊन आपल्या बहात्तर गावांचा कारभार ग्रामपंचायतींच्या पायावर प्रजेच्या हाती सोपविला. राज्य आपले नव्हे, हे सिद्ध करण्याचा याहून सरळ मार्ग कोणता?

१९५० मध्ये आपण प्रजासत्ताक झालो. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखेही संपले. शेजारच्या नेपाळातील राजेशाही २००८ मध्ये गेली. याबद्दल शोक करण्याचे कारण मला दिसत नाही. मला प्रश्न पडतो तो त्या षष्ठांशाचा. सिंहासन गेले म्हणून पापाचा वाटा नाहीसा झाला काय? की तो मतांबरोबर घरोघर वाटला गेला? उमेदवार आपल्या जातीचा आहे, आपल्या मुलाला चिकटवून देणार आहे, एवढेच पाहून जो सज्जन गृहस्थ मत देतो आणि घरी येऊन राज्यकर्त्यांच्या अधर्मावर बोलतो, त्याने सकाळी गीतापाठास बसल्यावर पहिल्या श्लोकाशी थोडे थांबावे. तो प्रश्न विचारणारा कोण, हे त्याने स्वतःच ठरवावे.