शिष्यवृत्ती : दान की देणे?

मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचे एक खेडे आहे. १८७५ साली या गावचा एक बारा वर्षांचा मुलगा, काशीराव गायकवाडांचा गोपाळ, बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि पुढे महाराज सयाजीराव म्हणून सर्व हिंदुस्थानात नावाजला. बडोद्यास पोहोचला तेव्हा त्याला लिहितावाचताही येत नव्हते, असे सांगतात. १८८१ च्या अखेरीस राज्यकारभार हाती येईपर्यंत त्याला घडविण्यासाठी एक सबंध यंत्रणा राबत होती. इलियटसाहेबांसारखा शिक्षक आणि सर टी. माधवरावांसारखा दिवाण तिच्या अग्रभागी होते. ही गोष्ट आम्ही विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे अभिमानाने सांगत आलो. परंतु तिच्यातील एक मर्म आमच्या ध्यानात येण्यास वयाची पन्नाशी उलटावी लागली. या सहा वर्षांना कोणीही ‘सवलत’ म्हटले नाही. मुलाला राज्य करावयाचे आहे, त्याला वाचता येत नाही, तेव्हा त्याला शिकविले पाहिजे, इतका तो सरळ हिशेब होता. गुणवत्तेचा प्रश्न कोणी काढला असल्याचे आमच्या वाचनात नाही.

हेच महाराज १९१३ साली भीमराव आंबेडकर या तरुण पदवीधरास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविते झाले. तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी, असा करार होता. १९१७ साली तो करार पाळण्यासाठी आंबेडकर बडोद्यास आले. संस्थानच्या पैशाने विद्वान झालेल्या या माणसाला संस्थानच्या राजधानीत राहावयास जागा मिळेना. पारशी नाव धारण करून ते पारशांच्या एका विश्रामगृहात उतरले. थोड्याच दिवसांत हे उघडकीस आले आणि काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. कामाठी बागेत काही तास बसून त्यांनी मुंबईची गाडी धरली. शिष्यवृत्ती देणाऱ्याचे मन मोठे होते, यात संशय नाही. पैसा मिळाला होता. मिळाली नाही ती एक खोली.

ही जुनी कथा आज उकरून काढण्याचे कारण आमच्या वर्गात घडलेला एक प्रसंग होय.

आम्ही प्राणिशास्त्र शिकवितो. काही वर्षांपूर्वी फुप्फुसांच्या विकारांविषयी बोलताना ‘बिसिनोसिस’ या कापसाच्या धुळीने जडणाऱ्या व्याधीचा विषय निघाला. या व्याधीचे एक विचित्र लक्षण असे की, आठवड्याच्या सुटीनंतर कामगार धुळीत परत आला की पहिल्या दिवशी त्याची छाती सर्वांत अधिक आवळते. म्हणून इंग्रजी ग्रंथांत तिचे नाते सोमवाराशी जोडलेले असते. आम्हीही तसेच सांगितले. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहून म्हणाली, “सर, आपल्याकडे माग शुक्रवारी बंद असतात. अब्बांना दम लागतो तो शनिवारी.”

वाचकहो, आमचे सारे आयुष्य या गावात गेले. मोसम नदीच्या दोन्ही बाजूंस यंत्रमागांचा खडखडाट ऐकत आम्ही वाढलो. शुक्रवारची शांतताही आमच्या परिचयाची. तरीही पुस्तकातला सोमवार आम्ही जसाच्या तसा वर्गात आणून ठेवला होता. मुलीच्या वडिलांना तीच व्याधी होती असे आमचे म्हणणे नाही. पिंजण आणि कताई यांच्या मानाने विणकामात ती कमी आढळते. परंतु उद्या कोणी संशोधक मुंबईहून प्रश्नावली घेऊन आला आणि ‘सोमवारी त्रास होतो काय?’ असे विचारीत घरोघर हिंडला, तर तो ‘नाही’ एवढे उत्तर गोळा करून परत जाईल आणि त्याचा निबंध मात्र छापून येईल. कोणता प्रश्न विचारावा हे ज्याला ठाऊक आहे, तो मनुष्य प्रयोगशाळेत असणे ही शास्त्राचीच गरज नव्हे काय?

ती मुलगी जीवरसायनशास्त्रात एम.एस्‌सी. झाली आणि एका मोठ्या शहरातील नामांकित संस्थेत तिला पीएच.डी.साठी प्रवेश मिळाला. यंत्रमागाच्या वस्तीतून तेथवर जाणे म्हणजे काय, हे सांगण्याची आवश्यकता नाही. आम्ही तिचा सत्कार केला, शाल दिली, भाषण केले. आमचे कर्तव्य तेथे संपले, असे आम्हांस वाटले.

तिला शिष्यवृत्ती मंजूर होती, आणि ती लहान नव्हती. १ जानेवारी २०२३ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधनवृत्ती दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ ४२,००० रुपये आहे. आमच्या उमेदवारीच्या काळी असा आकडा स्वप्नातही नव्हता. परंतु मंजूर होणे आणि हाती येणे यांत जे अंतर असते ते मध्यमवर्गीय घरास जाणवत नाही, कारण ते भरून काढावयास घरी वडील असतात. तिची रक्कम पहिले आठ महिने आली नाही. तिने संकोचाने ही गोष्ट मार्गदर्शकांच्या कानावर घातली. ते गृहस्थ दुष्ट नव्हते. ते सहज म्हणाले, “घरून थोडे मागवून घे.” घरी तर तिच्याच पैशाची वाट पाहिली जात होती.

इतिहासाचा अथवा वाङ्मयाचा विद्यार्थी असता, तर तो मार्गदर्शकावर रुसून चार महिने ग्रंथालयात बसू शकला असता. जीववैद्यकाच्या विद्यार्थ्याला ती मुभा नाही. त्याने वाढविलेल्या पेशींना रविवार नसतो. ठरल्या वेळी त्यांचे द्रव बदलले नाही तर त्या मरतात आणि तीन आठवड्यांचे काम वाया जाते. रसायने, उपकरणे, शीतकपाट, यंत्रावरची पाळी, निबंधावरचे नाव, शिष्यवृत्तीच्या दरमहाच्या कागदावरील सही, सर्व काही एका माणसाच्या हाती असते. शिवाय या विद्येतील पुष्कळसा भाग पुस्तकात नसतोच. हात कसा धरावा, कोणता निकाल पाहून शंका घ्यावी, हे शेजारी उभे राहून शिकावयाचे असते. म्हणून शेजारी कोणाला उभे करून घेतले जाते यावर सारे अवलंबून राहते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यास प्राध्यापक सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली होती. तिचा २००७ चा अहवाल ज्यांनी वाचला असेल, त्यांना वसतिगृहातील वेगळी वस्ती, तोंडी परीक्षेतील वागणूक आणि शिक्षकांची अलिप्तता यांची हकीकत वाचून बडोद्याचे विश्रामगृह आठवल्यावाचून राहणार नाही.

येथे आमचे काही स्नेही म्हणतील की, शास्त्राच्या दारी केवळ बुद्धीची परीक्षा व्हावी, बाकीचे दयेचे विषय होत. या आक्षेपास उत्तर देण्यापूर्वी आम्ही एका अत्यंत बुद्धिमान स्त्रीचे स्मरण करू इच्छितो. कमलाबाई सोहोनी, माहेरच्या भागवत, दुर्गाबाईंच्या भगिनी. १९३३ साली बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत त्यांना केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारण्यात आला, आणि नाकारणारे सर सी. व्ही. रामन यांच्यासारखे थोर शास्त्रज्ञ होते. कमलाबाई हटल्या नाहीत. एक वर्षाच्या परीक्षाकाळाच्या अटीवर त्यांनी प्रवेश मिळविला आणि १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. संपादन केली. बुद्धीने दार उघडते याचा दाखला म्हणून ही कथा सांगतात, आणि ते खरेही आहे. परंतु त्यांचे वडील व चुलते स्वतः रसायनशास्त्रज्ञ होते आणि त्याच संस्थेत शिकलेले होते, ही गोष्ट बहुधा सांगावयाची राहते. नकार आला तेव्हा तो अंतिम नसतो, हे त्यांना घरातच ठाऊक होते. ज्या घरात पीएच.डी. म्हणजे डॉक्टरकीची कोणतीशी परीक्षा अशी समजूत असते, त्या घरच्या मुलीला नकार आला की ती मुकाट्याने सामान बांधते. कमलाबाईंचे तेज याने यत्किंचितही कमी होत नाही. मात्र ‘केवळ बुद्धी’ या शब्दांतील ‘केवळ’ जरा जपून वापरावा लागतो.

आणि हे दुसऱ्या रीतीने करता येते. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेत १९८८ साली रॉबर्ट मेयरहॉफ यांच्या देणगीतून आणि फ्रीमन ह्राबोव्स्की यांच्या पुढाकाराने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी एक योजना सुरू झाली. पुढे ती इतरांनाही खुली झाली. तेथे पैसा दिला जातोच, पण त्याहून महत्त्वाचे असे की, पहिल्या वर्षाआधीच्या उन्हाळ्यात मुलांना एकत्र आणून तयारी करून घेतात, अभ्यास गटाने करावयास लावतात, लवकरात लवकर प्रयोगशाळेत नेतात, आणि अपेक्षा मुळीच कमी करीत नाहीत. किझ्मेकिया कॉर्बेट या तेथेच शिकल्या. कोरोनाच्या ज्या लसींनी जगाला धीर दिला त्यांपैकी मॉडर्ना लसीच्या मूळ संशोधनात त्यांचा मोठा वाटा आहे. २०२० चा उन्हाळा ज्यांनी मालेगावात काढला आहे, त्यांना लशीचे मोल सांगावयास नको. कवळाण्याच्या गोपाळसाठी बडोद्याने जे केले, त्याहून हे निराळे काय आहे? फक्त येथे राज्य शास्त्राचे आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दान आणि देणे यांत भेद काय? दान देणाऱ्याच्या सवडीने दिले जाते, देणे मुदतीवर फेडावे लागते. दानाबद्दल कृतज्ञतेची अपेक्षा असते, देण्याबद्दल फार तर पावती मागता येते. दान केव्हाही थांबविता येते. अल्पसंख्याक समाजांतील संशोधकांसाठी असलेली मौलाना आझाद राष्ट्रीय शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून बंद करण्यात आली. इतर योजनांशी ती आच्छादित होत होती असे कारण देण्यात आले. त्या कारणाची छाननी येथे करीत नाही. परंतु शनिवारचा दम ज्या घरांत ऐकू येतो, त्या घरांतील मुलांना तो एक दरवाजा बंद झालेला दिसला, एवढे खरे. आपल्या परंपरेत ऋषिऋण नावाची एक कल्पना आहे. विद्या घेतलेल्या माणसावर विद्येचे ऋण असते आणि ते अध्ययन-अध्यापनानेच फिटते. ही कल्पना जुन्यांनी फारच थोड्या घरांपुरती पाळली, हे कबूल केले पाहिजे. पण ती खरी मानली, तर ऋणको विद्यार्थी नसून आम्ही आहोत.

मग विद्यार्थ्यावर काहीच बंधन नाही काय? मालेगावच्या मुलीने मालेगावच्याच रोगावर काम करावे, असे आम्हांसही एकदा वाटले होते, आणि तसे आम्ही तिला बोलूनही दाखविले. ती म्हणाली, “सर, मला कर्करोगाच्या पेशींतले एक प्रथिन आवडते.” आम्ही गप्प बसलो. श्रीमंताच्या मुलाला त्याच्या संशोधनाचा विषय त्याच्या गल्लीत शोधावयास कोणी सांगत नाही.

तिने दुसऱ्या वर्षी काम सोडले. थकलेली रक्कम नंतर एकदम आली. तोवर घरचे कर्ज वाढले होते आणि वडिलांनी रात्रपाळी सोडली होती. सध्या ती गावातच एका शाळेत शिकविते. गेल्या महिन्यात ती पुन्हा आली. दुसऱ्या एका संस्थेत नव्याने अर्ज करावयाचा होता आणि शिफारसपत्र हवे होते. आम्ही आनंदाने लिहावयास बसलो आणि सवयीप्रमाणे आरंभ केला : “ही विद्यार्थिनी गरीब परंतु होतकरू असून...” तिने पत्र वाचले, क्षणभर थांबली आणि विचारले, “सर, ‘गरीब परंतु’ एवढे काढाल का?”

तीस वर्षांत किती मुलांच्या पत्रांत आम्ही ते दोन शब्द लिहिले असतील, कोण जाणे. आम्ही नवा कागद घेतला. मग ‘होतकरू’ही जागी बसेना, तोही गाळला. तिने दीड वर्षात कोणते प्रयोग केले, कोणत्या पद्धतीत तिचा हात बसला आहे आणि कोणता निकाल अर्धवट राहिला आहे, हे तिलाच विचारून घेऊन लिहिले. पत्र दोन पानांचे झाले.