मेंढवाड्यावरची जाळी

बिबट्या रानमेंढीच्या मागे धावला, तर आपण कुणाची बाजू घ्यायची? पळणारीची की भुकेल्याची? आपल्यातल्या कुठल्याही बाईला विचारा, ती आधी पळणारीची बाजू घेईल. पण मेंढी निसटली की बिबट्याच्या मादीची पिल्लं उपाशी झोपतात, हेही तिला कळतं. लेकरांना भरवलेली बाई असते ती.

आमच्यात हा प्रश्न निघाला तो लडाखमधल्या हेमिस राष्ट्रीय उद्यानात. १९८१ साली झालेलं, सुमारे ४,४०० चौरस किलोमीटरचं हे उद्यान देशातलं सर्वांत मोठं. २०१९ ते २०२३ या काळात हिमबिबट्यांची मोजणी झाली, तेव्हा देशात ७१८ असल्याचा अंदाज निघाला, त्यातले ४७७ एकट्या लडाखात. हिवाळ्यात भरल, म्हणजे तिथल्या रानमेंढ्या, खालच्या उतारांवर येतात. त्यांच्यामागे बिबटे येतात आणि बिबट्यांच्या मागे आपण पाहुणे.

रुंबक गावाच्या वर दुर्बिणी लावून माणसं तासन्‌तास बसून होती. कॅमेरेवाल्यांना शिकार हवी होती. आमच्यातल्या एका काकूंनी हळूच विचारलं, "शिकार व्हावी असं मनात धरून बसलं, तर ती अनुमोदना नाही का गं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. करणं, करवणं आणि करणाऱ्याला मनातून होकार देणं, या तिन्हींचा हिशेब आपण लहानपणापासून ऐकत आलोय. बिबट्याला गवत पचत नाही, त्याच्या भुकेचा निवाडा करणारे आपण कोण? पण फोटोसाठी कुणी मरावं ही भूक त्याची नाही, आपली आहे. आणि ती सोडता येते.

खरा पेच मात्र डोंगरावर नाही, खाली गावात आहे. राष्ट्रीय उद्यान म्हटलं की आपल्याला माणसं नसलेलं रान वाटतं. इथे गावं उद्यानाच्या आतच आहेत, जवाची शेतं आहेत, याक आणि शेळ्यामेंढ्या आहेत. जुने मेंढवाडे दगडी भिंतीचे, वरून उघडे नाहीतर कच्च्या छपराचे. बिबट्या एकदा आत उतरला की घाबरून सैरावैरा धावणाऱ्या मेंढ्यांत तो एकीवर थांबत नाही. एका रात्रीत कळप जाऊ शकतो. सकाळी मालकानं दार उघडावं, तर मेलेल्या जनावरांत बिबट्या अडकून बसलेला. अशा वेळी लडाखात बिबटे दगडांनी, काठ्यांनी मारले गेले आहेत.

चिकोडी-निपाणीकडे आपली घरं शेतीवरच उभी राहिली. नुकसान म्हणजे काय, ते आपल्या बायकांना सांगावं लागत नाही. आपल्याकडे विरोधी हिंसा वेगळी धरतात, संकल्पी वेगळी. रात्री बिबट्या आत असताना उगारलेली काठी मेंढ्या वाचवायला असते. सकाळी मेंढ्या मेलेल्याच असतात, बिबट्याला मारून त्यातली एकही उठणार नाही. तेव्हाचा दगड रागाचा. पण हा फरक पोटभर जेवून बेळगावात सांगणं सोपं आहे. ज्याची वर्षाची कमाई रात्रीत गेली त्याला नुसतं "राग आवर बाबा" म्हणणं, म्हणजे आपली अहिंसा त्याच्या खर्चानं पाळणं.

म्हणून तिथल्या लोकांनी काढलेली वाट मला मोठी वाटते. वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या मदतीनं त्यांनी वाड्यांवर तारेची जाळी ठोकली, दारं घट्ट बसवली. आपल्याकडे धनगर रात्री मेंढ्यांभोवती वाघर लावतात, तसंच हे, फक्त वरूनही बंद. शिवाय घरातली एक खोली पाहुण्यांना दिली. खोली, चूल, पाहुण्यांचं खाणंपिणं घरची बाई सांभाळते, त्यामुळे तो पैसाही तिच्या हातात येतो. हिमबिबट्याला तिथे 'शान' म्हणतात. आमच्या यजमानीणबाईंना विचारलं, "शानचा राग येत नाही?" हसून म्हणाल्या, "मेंढी गेली की येतो, दीदी. तुम्ही लोक आलात की जातो."

यावर आमच्यातली एक म्हणाली, "म्हणजे पैशासाठीच की! पैसे थांबले की दयाही थांबणार?"

शंका रास्त आहे. पण आपण पाणी गाळून घेतो, तेव्हा दर वेळी त्या जिवांसाठी डोळे भरून येतात का? नाही येत. फडकं बांधलेलं असतं म्हणून जीव वाचतो. दया दाटून यायची वाट बघत बसलो असतो, तर त्याआधीच तहान लागून पाणी पिऊन मोकळे झालो असतो. वाड्यावरची जाळी म्हणजे तेच फडकं. एखाद्या वर्षी पाहुणे येणार नाहीत, बाईला राग येईल, पण जाळी तिथेच राहील. मेंढीही वाचेल आणि शानही.

तेव्हा तिकडे जाल, तर गावातल्या घरी उतरा आणि पैशांची घासाघीस करू नका. हिवाळ्यात तिथे बटाटे आणि सलगम असतात. कंदमुळं चालत नसतील तर आपले डाळ-तांदूळ बरोबर न्या, त्या बाईला अवघडवू नका. जळण तिथे मोलाचं, आंघोळीच्या गरम पाण्याचा हट्ट नको. वाटाड्याला "अजून जवळ ने" म्हणू नका.

कुणाची बाजू घ्यायची, याचं उत्तर माझ्यापाशी अजून नाही. पण बाजू घ्यायची वेळच येऊ नये अशी सोय जिथे करता येते, तिथे ती न करता नुसतं हळहळत बसायचं, यालाही मी हिंसेतच धरते. प्रमाद म्हणतात तो हाच.