वाचलेलं सांगावं

वाचलेलं मनात राहतं, पण कुणाला सांगितलं की ते मुरतं.

बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये मराठी घरंही आहेत. अशा एखाद्या घरात आजोबा बाबूराव अर्नाळकरांच्या आठवणीत रंगतात. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणारा हा लेखक! त्याचे नायक झुंजार आणि काळापहाड. आजोबा सगळं सांगतात, गुन्हेगार कोण तेवढं मात्र राखून ठेवतात. ऐकणाऱ्याची उत्सुकता जपणं हेही प्रेमच.

नातीची तऱ्हा वेगळी. तिचं चित्रांचं पुस्तक मांडीला मांडी लावूनच वाचावं लागतं. आई ओळी वाचते तोवर नातीचं बोट झाडामागच्या मांजरावर असतं. मोठ्यांच्या नजरेतून ते निसटलेलं असतं.

याच शहरातल्या प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेनं 2015 मध्ये स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ सुरू केलं. तिथं मराठी आणि कन्नड चित्रकथा मोफत मिळतात. मराठी नात आणि शेजारची कन्नड मैत्रीण एकच गोष्ट आपापल्या भाषेत वाचू शकतात.

मंडळी, आज जेवताना प्रत्येकानं आपण काय वाचलं ते सांगावं. रहस्यकथा असो की चित्रकथा, कुठलंही वाचन हलकं मानू नये. आणि घरातल्या सर्वांत लहान वाचकाला आधी बोलू द्यावं.