समतेचें यंत्र

माझ्या बिऱ्हाडापुढें हरळीचा एक लहानसा चौकोन आहे. त्याला बाग म्हणणें ही अतिशयोक्ति होईल, आणि नुसतें अंगण म्हटलें तर आमच्या माळ्याला वाईट वाटेल. गवत कापण्याचें एक जुनें हातयंत्र त्या चौकोनावरून आठवड्यांतून एकदां फिरतें. यंदा पावसाळा सरतां सरतां एके सकाळीं मी बाहेर येऊन पाहतों, तों हिरवळीवर पट्टे उमटलेले! प्रत्येक पट्ट्याच्या डाव्या कडेला गवत पार मुळाशीं भादरलेलें, तर उजव्या कडेला दाट व उंच राहिलेलें. अध्यापकाला कोणतीहि गोष्ट दिसली कीं तिची कारणमीमांसा केल्यावांचून चैन पडत नाहीं. मीं माळ्याला हांक मारली आणि म्हणालों, "माळीबुवा, हरळी एका बाजूला राठ झालेली दिसते. कीं यंत्र ढकलतांना तुमचा एक हात जड पडतो?"

म्हाताऱ्यानें गवताकडे पाहिलेंसुद्धां नाहीं. तो म्हणाला, "गवत समदं एकच हाय, साहेब. मशीन तिरपी बसलीया."

घटना एवढीशीच. परंतु तिनें जो प्रश्न माझ्या मनांत उभा केला तो मात्र एवढासा नव्हता. सर्वांना सारखें वागविणें म्हणजे नेमकें काय? आणि तें सारखेपण कोठें तपासून पाहावयाचें? ज्यांना वागवावयाचें त्यांच्या ठिकाणीं, कीं वागविणाऱ्याच्या?

या यंत्राची जन्मकथा मोठी बोधप्रद आहे. इंग्लंडांत ग्लॉस्टरशर परगण्यांत, स्ट्राउडजवळच्या थ्रप येथील एडविन बडिंग नांवाच्या कारागिरानें १८३० सालीं त्याचें पेटंट घेतलें. त्या भागांत लोकरीच्या कापडाच्या गिरण्या होत्या, आणि कापडावर उठून आलेली लव एकसारखी कातरण्यासाठीं तेथें फिरत्या पात्यांचें यंत्र वापरीत. जें लोकरीला लागू तें गवताला कां लागू पडूं नये, असें बडिंगला सुचलें. तोंवर लांब दांड्याच्या विळ्यानें, तेंहि सकाळीं दंव वाळण्यापूर्वीं, कसबी मजूर हिरवळी कापीत. कापणीचा सारखेपणा सर्वस्वी त्यांच्या हाताच्या सवयीवर अवलंबून असे. बडिंगनें तो हातांतून काढून लोखंडांत घातला. तेव्हांपासून आपण निश्चिंत झालों. आणि लोखंडहि तिरपें बसूं शकतें, हें विसरून गेलों. यंत्राविषयींची ही निश्चिंतता आपण नियमांविषयीं, कायद्यांविषयीं आणि परीक्षांविषयींहि बाळगतों.

माळ्यानें यंत्र ओट्याच्या फरशीवर आणून उलटें ठेविलें. त्याची रचना साधी आहे. किंचित् पीळ दिलेलीं पांचसहा पातीं एका आंसाभोंवतीं फिरतात, आणि त्यांच्याशीं भिडून एक सरळ पातें आडवें, अचल बसविलेलें असतें. फिरतें पातें गवताला लोटून अचल पात्यावर आणतें, आणि दोहोंच्या चिमटींत तें कातरलें जातें. अचल पात्याच्या दोन टोकांना दोन स्क्रू असतात. त्यांनीं पात्यांमधलें अंतर ठरतें. पुढच्या लाकडी रुळाच्या दोन बाजूंस दोन नट असतात. त्यांनीं कापणीची उंची ठरते. म्हणजे 'सारखें कापणें' या एका शब्दांत दोन निराळ्या गोष्टी आल्या. धार सर्वत्र सारखी लागली पाहिजे, आणि उंची दोन्ही कडांना सारखी राहिली पाहिजे.

पुढच्या व मागच्या रुळांवर टेकेल अशी एक सरळ लोखंडी पट्टी माळ्यानें आधीं डाव्या अंगाला व मग उजव्या अंगाला धरली, आणि पट्टीपासून अचल पात्याच्या धारेचें अंतर मोजलें. दोहोंत पाव इंचाहून थोडा अधिक फरक निघाला. पाना घेऊन त्यानें तो काढून टाकला. हें सारें सपाट फरशीवर चाललें होतें, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. गवत तेथें साक्षीलाहि नव्हतें.

मग त्यानें माझ्याकडे एक पातळ कागद मागितला. टेबलावर परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पडला होता. त्याबरोबर आलेला 'परीक्षकांस सूचना' हा कागद हातीं लागला, तो मीं देऊन टाकला. त्याच्या पट्ट्या फाडून त्यानें एकेक पट्टी पात्यांमध्यें धरली आणि चक्र हातानें हळूंच फिरविलें. एका टोकाला कागद स्वच्छ कापला गेला, मध्यें अर्धवट फाटला, दुसऱ्या टोकाला नुसताच दुमडला. त्यानें एक स्क्रू किंचित् पिळला, मग दुसरा किंचित्, मग पुन्हां पहिला. मला धीर निघेना. मी म्हणालों, "एकदांच काय तें घट्ट आवळून टाका ना!"

"आवळलं तर पातं पात्याला खातंय, साहेब. लागलं पाहिजे, पर दाबलं नाय पाहिजे."

नीतिशास्त्राच्या ग्रंथांतून न्यायबुद्धीचें इतकें नेमकें वर्णन माझ्या वाचनांत आलेलें नाहीं. पातीं फार आवळलीं तर चक्र जड फिरतें, धातूवर धातु घासून तापतो आणि धार मरते. कडकपणाचा अभिमान बाळगणाऱ्या पुष्कळ माणसांची बुद्धि अशीच स्वतःच्या घर्षणानें बोथट झालेली असते. उलट पातीं सैल असलीं तर गवत कापलें न जातां मध्यें सांपडून चावलें जातें, आणि दोन दिवसांनीं त्याचे शेंडे पांढरे पडतात. दुरून पाहणाऱ्याला सैल पातें दयाळू वाटेल. परंतु स्वच्छ कापलेल्या गवतापेक्षां चावलेल्या गवताची जखम भरावयास अधिक काळ लागतो. न वाचतांच उदारपणें गुण देणारा परीक्षक विद्यार्थ्यावर उपकार करीत नाहीं, हें ज्यानें असे विद्यार्थी पुढच्या वर्गांत शिकविले आहेत त्याला सांगावयास नको.

त्याच दुपारीं मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुन्हां सोडला. मी गुण एका निराळ्या वहींत, दिवस व वेळ घालून, टिपून ठेवीत असतों. सकाळीं तपासलेल्या दहा पत्रिका आणि रात्रीं दहानंतर तपासलेल्या दहा पत्रिका मीं बाजूला काढल्या, आणि वही न उघडतां त्यांतील एकाच प्रश्नाचीं उत्तरें नव्यानें वाचलीं. मग वहीशीं ताडून पाहिलें. रात्रीच्या पत्रिकांना जवळजवळ सर्वत्र एकदोन गुण कमी पडले होते. एखाद्या उत्कृष्ट पत्रिकेच्या लगेच मागून आलेल्या पत्रिकेला त्याहूनहि कमी. डावी कड मुळाशीं भादरलेली. उजवी कड उंच!

तो गठ्ठा घरांतच होता, म्हणून दुरुस्त करतां आला. परंतु पंचवीस वर्षांत असे किती गठ्ठे माझ्या हातांखालून गेले असतील? बारातेरा वर्षांपूर्वीं कॉलेजच्या परीक्षेंत एका विद्यार्थ्याचें माझ्या विषयांत तीन गुणांनीं वर्ष गेलें होतें. तो घरीं आला. दाराशींच उभा राहून त्यानें विचारलें, "सर, माझें कोठें चुकलें तेवढें सांगा." मी म्हणालों, "माप सर्वांना एकच होतें." तो नमस्कार करून गेला, आणि पुढच्या सत्रांत कॉलेजांत दिसला नाहीं. मी त्याच्याशीं खोटें बोललों नव्हतों. माझा तसा प्रामाणिक विश्वास होता. आज मला भय वाटतें तें त्या प्रामाणिकपणाचेंच. यंत्र एकदांहि फरशीवर न ठेवतां मी त्याला गवत राठ असल्याचें सांगत होतों. कदाचित् त्याला पडलेले गुण बरोबरहि असतील. तें आतां कळण्यास मार्ग नाहीं, आणि तें न कळण्याचें ओझें मलाच वाहिलें पाहिजे.

येथें विचारी वाचक एक आक्षेप घेईल. यंत्र बिनचूक बसविलें तरी जमीन कोठें सपाट असते? आमच्या चौकोनांतच एका कोपऱ्यांत उंचवटा आहे आणि मध्यें खळगा. तेंच पातें उंचवट्याला खरवडून मातीपर्यंत जातें आणि खळग्यांतल्या गवताला स्पर्शहि करीत नाहीं. मग सर्वांना एक नियम लावणें हाच अन्याय नव्हे काय? ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्राच्या पांचव्या भागांत लेस्बॉस बेटांतील गवंड्यांच्या शिशाच्या मोजपट्टीचा दाखला दिला आहे. ती पट्टी दगडाच्या आकाराप्रमाणें वांकते. कायद्याला पूर्वीं न सुचलेला प्रसंग आला असतां न्यायाधीशानेंहि तसेंच वांकावें, असा त्याचा आशय. न्यायासनावर तो मला सर्वथा मान्य आहे. परंतु ज्याच्यापुढें शेंकडों पत्रिका आहेत आणि ज्याला एकाहि विद्यार्थ्याचें घर ठाऊक नाहीं, अशा परीक्षकानें अंदाजानें वांकावयाचें ठरविलें, तर तो दयेच्या नांवाखालीं आपल्या लहरीप्रमाणेंच वांकेल.

माळ्याची रीति निराळी आहे. तो उंचवट्यासाठीं पातें वांकवीत नाहीं. तो सबंध हिरवळीचीच कापणी थोडी उंच ठेवतो, म्हणजे कोठेंहि माती उघडी पडत नाहीं. आणि दरवर्षीं खळग्यांत चाळलेली माती व कुजलेलें खत यांचा पातळ थर देतो. गवताचे शेंडे वर राहतील इतकाच. एकदम भर घातली तर खालचें गवत गुदमरतें. कांहीं वर्षांनीं खळगा भरून येतो. ज्या मुलाच्या घरीं अभ्यासाला जागा नाहीं, पुस्तक नाहीं, विचारावयास माणूस नाहीं, त्याचें आपण जें देणें लागतों तें परीक्षेच्या दिवशीं दोन गुण वाढवून फिटत नाहीं. तें वर्षभर, थराथरानें, संध्याकाळचा एखादा तास आणि कपाटांतलें एखादें पुस्तक देऊन फेडावें लागतें. हें काम कष्टाचें आहे आणि त्याची नोंद कोठेंहि होत नाहीं, म्हणून आपण तें टाळतों व गुणांची उधळण करून मनाचें समाधान करून घेतों.

दुसरा एक भ्रम याहून घातक आहे. समता म्हणजे सर्वांची उंची एक करणें, असें पुष्कळांना वाटतें. कॉरिंथच्या पेरिअँडरनें मायलीटसच्या थ्रॅसिबुलसकडे राज्य कसें राखावें हें विचारावयास दूत धाडला, तेव्हां तो त्याला शेतांतून घेऊन हिंडला आणि जें जें कणीस उंच दिसलें तें तें खुडीत गेला, अशी कथा हिरोडोटसनें सांगितली आहे. गवत कापणी सोसतें याचें कारण त्याची वाढ जमिनीलगतच्या भागांतून होते. शेंडा गेला तरी तें पुन्हां वर येतें. झाडाची वाढ शेंड्यांतून होते. त्याचा शेंडा छाटला कीं तें फांद्या फोडील, जगेलहि. परंतु जें सरळ उंच व्हावयाचें होतें तें होणार नाहीं. माणसाची वाढ यांपैकीं कोठून होते, हें प्रत्येक शिक्षकानें स्वतःला विचारावें. माप एक असावें हें खरें. मापलेलीं माणसें एक व्हावींत असा त्याचा अर्थ मुळींच नाहीं.

आतां मी रोज नवा गठ्ठा घेण्यापूर्वीं आदल्या दिवशींच्या पांच पत्रिका, गुण झांकून, पुन्हां वाचतों. रात्रीं दहानंतर लाल पेन्सिल हातीं धरीत नाहीं. यानें मी निर्दोष झालों असें नाहीं. माळी म्हणतो, ढकलतांना बसणाऱ्या धक्क्यांनीं स्क्रू आपोआप सैल होतात. एकदां बसविलें म्हणून विसरून चालत नाहीं. पुढच्या महिन्यांत पुन्हां पातळ कागद लागेल, असें त्यानें मला बजावून ठेविलें आहे. मीं तो आजच बाजूला काढून ठेविला आहे.