विश्वास कमवायचा कोणी?

मदत घेऊन गेलेल्या माणसाला एखाद्या कुटुंबाने दारातूनच परत पाठवले, तर आपण पटकन म्हणतो, "त्यांनाच नको आहे, आपण तरी काय करणार?" सेवाकार्य करणाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य नेहमीचेच. ते कितपत न्याय्य आहे, हे आम्हाला आज तपासून पाहायचे आहे. त्यासाठी उदाहरण मात्र दूरचे घेतो आहोत. अमेरिकेतील ज्या कृष्णवर्णीय कुटुंबांत ऑटिझम असलेले लहान मूल आहे, त्यांचे.

ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात. (शब्द सुटसुटीत आहे, पण जरा फसवा. या मुलांना कोणाशी नातेच नको असते असे त्यातून वाटते, आणि ते खरे नाही.) बोलणे उशिरा येणे, हाक मारली तरी न पाहणे, हात हलवण्यासारखी एकच हालचाल पुन्हा पुन्हा करणे, मोठा आवाज किंवा स्पर्श सहन न होणे, ही लक्षणे बहुधा दोन-तीन वर्षांच्या वयातच दिसू लागतात. वेळीच ओळखून मदत सुरू झाली, तर मुलाला त्याचा पुष्कळ उपयोग होतो. म्हणून इथे एकेक वर्ष मोलाचे आहे.

१९४३ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळातील डॉ. लिओ कॅनर यांनी ऑटिझमवरचा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यातील अकराही मुले गोरी होती आणि बहुतेकांचे आईवडील उच्चशिक्षित. बाल्टिमोरमध्ये कृष्णवर्णीयांची वस्ती काही थोडी नव्हती. पण हा शिकल्यासवरल्या गोऱ्या घरांतला विकार आहे, ही समजूत नंतर बराच काळ टिकली. २००२ साली फिलाडेल्फियातील एक पाहणी प्रसिद्ध झाली. त्यातली सगळी मुले एकाच सरकारी आरोग्य योजनेतली. तरी गोऱ्या मुलांचे निदान सरासरी ६.३ व्या वर्षी झाले होते आणि कृष्णवर्णीय मुलांचे ७.९ व्या वर्षी. तोवर कित्येकांवर 'वागणूक वाईट' असाच शिक्का बसलेला असे. २०२० साली ५८४ कृष्णवर्णीय मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आईवडिलांच्या मनात पहिली शंका आल्यापासून निदान होईपर्यंत सरासरी ४२ महिने गेले होते. साडेतीन वर्षे! शंका घरच्यांना आली होती, ते सांगतही होते. मग उदासीन कोणाला म्हणायचे?

कोणी म्हणेल, आता परिस्थिती पालटली आहे. २०२३ साली अमेरिकन सरकारने जाहीर केलेल्या आकडेवारीत आठ वर्षांच्या मुलांमध्ये ऑटिझमची नोंद गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीयांत अधिक आढळली, २.४ टक्क्यांच्या तुलनेत २.९ टक्के. ही चांगलीच गोष्ट आहे. पण नोंद झाली म्हणजे मदत पोहोचली असे नाही, आणि झालेला उशीर भरून निघाला असेही नाही.

आता विश्वासाचे पाहू. अलाबामातील टस्कीगी येथे १९३२ पासून १९७२ पर्यंत सरकारी डॉक्टरांनी गरमीचा रोग झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना ठेवले. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते त्यांना दिले नाही. रोग कसा वाढतो, एवढेच त्यांना पाहायचे होते. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी १९९७ साली जाहीर क्षमा मागितली. ज्या समाजाच्या आजोबांनी हे सोसले, त्या समाजातील आई डॉक्टरांच्या कागदावर सही करताना थबकली, तर तिला अडाणी कसे म्हणावे? तिच्या जागी आपण असतो तर आपणही थबकलो असतो.

"सर्वांना सारखीच सेवा देतो, आणखी काय करायचे?" असे विचारणारे असतातच. पण सारखी सेवा म्हणजे काय? मुलाला दिवसभर आजी सांभाळते आणि बोलावणे फक्त आईवडिलांना जाते. भेटीची वेळ सकाळी अकराची ठेवतात, आणि आई तर तासाच्या मजुरीवर राबते. कागदावर नियम सर्वांना एकच असतो, तरी सोय मात्र एकाचीच होते. याच्या उलटही चूक घडते. 'कृष्णवर्णीय कुटुंबे अशी असतात' असे दोन दिवसांच्या शिबिरात शिकून येणे हाही अन्यायच. अलाबामातले जुने कुटुंब आणि काल नायजेरियातून आलेले कुटुंब यांना एकाच मापाने कसे मोजणार? त्यांनाच विचारावे लागते, आणि उत्तर ऐकायला वेळ द्यावा लागतो.

या दिशेने काही काम झाले आहे. डॉ. जेमी पिअर्सन यांनी कृष्णवर्णीय पालकांसाठी 'फेसेस' नावाचा सहा आठवड्यांचा कार्यक्रम तयार केला. ऑटिझम म्हणजे काय, मुलाशी संवाद कसा साधावा, शाळेत आपले म्हणणे ठामपणे कसे मांडावे, हे त्यात शिकवतात. चर्चची भूमिकाही मोठी आहे, कारण अनेक घरांत अडचण प्रथम पास्टरांच्या कानावर जाते. "प्रार्थना करा, मूल आपोआप बोलेल" एवढेच सांगून त्यांनी परत पाठवले, तर वर्ष वाया जाते. आणि उपासनेत मूल ओरडल्यावर माना वळल्या, तर ते कुटुंब पुढच्या रविवारी येत नाही.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र वेगळाच आहे. मूल हात फडफडवते, स्वतःशी आवाज काढते. आजचे तज्ज्ञ म्हणतात, त्याला ते करू द्या, त्याने त्याचे मन शांत होते. हे म्हणणे आम्हाला पटते. पण कृष्णवर्णीय आई म्हणते, आज तो चार वर्षांचा आहे, गोड दिसतो. चौदाव्या वर्षी माझ्याएवढा उंच होईल, रस्त्यात पोलीस थांबवील, 'हात स्थिर ठेव' म्हणेल, आणि याला ते जमणार नाही. मग? ही भीती मनाची नव्हे. जुलै २०१६ मध्ये फ्लोरिडातील नॉर्थ मायामी येथे ऑटिझम असलेला एक तरुण हातात खेळण्यातला ट्रक घेऊन रस्त्यावर बसला होता. त्याला सांभाळणारे चार्ल्स किन्झी हे कृष्णवर्णीय गृहस्थ शेजारी उताणे पडून, दोन्ही हात वर करून, त्याच्याजवळ फक्त खेळणे आहे असे पोलिसांना ओरडून सांगत होते. तरीही गोळी सुटली आणि ती किन्झी यांच्या पायाला लागली.

म्हणून ती आई मुलाशी कडक वागते, तेव्हा त्याला 'जुनी शिस्त' म्हणून बाजूला सारता येत नाही. त्या कडकपणाने मुलाचा कोंडमारा होतो, हेही खोटे नाही. समंजस शिक्षिका तिच्याबरोबर बसते आणि विचारते, घरात कुठे त्याला मोकळे सोडता येईल? रस्त्यावर काय शिकवायलाच हवे? ओळखपत्र गळ्यात ठेवायचे की खिशात, कारण खिशात हात घालणेही धोक्याचे? चार वर्षांच्या मुलाच्या आईशी हे बोलणे करावे लागते, आणि ते एका भेटीत संपत नाही.