रविवार कुणी आखायचा?

डोंबिवलीला मामांकडे भाची रविवारी सकाळी दहाला आली आणि सव्वाअकराला तिच्या मोबाइलने निघायची आठवण केली. सकाळचं पोहणं उरकून आलेली. बाराला निघून ठाण्याला मैत्रिणीबरोबर जेवण, चारचं नाटक, रात्री आईला फोन. सगळा दिवस तिने गुरुवारीच लिहून ठेवला होता. मामा रेल्वेतून निवृत्त झालेले, रोज वाचनालयात जाणारे आणि वाद आयता आला तर सोडून न देणारे. मामी स्वयंपाकघरात. भांडण घरगुतीच, पण त्यातला पेच पुष्कळ घरांत आहे.

मामा: म्हणजे आम्ही दोघं तुझ्या यादीतला एक रकाना. दहा ते बारा, मामा-मामी.

भाची: हो. आणि यादीत नव्हतात तेव्हा गणपतीला आलेली मी थेट शिमग्याला उगवले होते. ते बरं होतं?

मामा: आली नाहीस त्याचं वाईट वाटलं. आज आलीस आणि घड्याळाकडे बघत बसलीस, त्याचंही वाटलं. आठवडाभर साहेब तुझा दिवस आखतो. उरलेल्या दिवशी तू स्वतःचीच साहेब होऊन बसतेस. मग सुट्टी कुणाला मिळाली?

भाची: न आखलेला रविवार कसा जातो सांगू? दहाला उठते. चहाबरोबर मोबाइल हातात येतो आणि रील्स बघता बघता एक वाजतो. जेवून आडवी होते. पाचला उठते तेव्हा डोकं जड आणि सोमवार दारात. साहेब कुणी नसतो, पण दिवस माझाही नसतो. ज्याने ते ॲप बनवलं, त्याने माझा रविवार आखलेला असतो.

याला उत्तर सुचलं नाही म्हणून की काय, मामा थेट अरिस्टॉटलकडे वळले.

मामा: अरिस्टॉटल म्हणतो, माणूस राबतो तो फुरसत मिळावी म्हणून. पण फुरसत म्हणजे करमणूक नव्हे. करमणूक हे शिणावरचं औषध, पुन्हा कामाला जुंपता यावं म्हणून घेतलेलं. खरी फुरसत आणखी कशासाठी नसते. तू पोहतेस ते कशासाठी?

भाची: पाठीसाठी. खुर्चीत बसून बसून धरते.

मामा: बघ. सोमवारी कंपनीच्या खुर्चीत नीट बसता यावं म्हणून रविवारी पोहायचं!

भाची: आणि नाटक?

मामा: नाटकाला माझी हरकत नाही.

भाची: पण मामा, अरिस्टॉटलच्या घरी पाणी कोण भरत होतं?

मामा: गुलाम असतील.

भाची: असतील काय, होतेच. काही माणसं जन्मतःच गुलाम असतात, हेही त्यानेच लिहून ठेवलंय. घरातल्या कामांचा हिशेब दुसरं कुणी बघत असेल, तर माझीही फुरसत अशीच शुद्ध राहील.

मामा: ग्रीस राहू दे. आपल्याच घरातलं घे. माझे वडील लालबागला गिरणीत, साचेखात्यात. त्यांनी जन्मात कधी यादी केली नाही. रविवारी सकाळी मटणाची रांग, दुपारी गाववाल्यांच्या खोलीवर पत्ते, रात्री भजन. काही म्हणून ठरवलेलं नसायचं.

भाची: ठरवावं लागत नव्हतं, कारण आधीच ठरलेलं होतं. सगळ्या गाववाल्यांना सुट्टी रविवारीच. ती आपसूक मिळाली होती का?

मामा: आपसूक? नारायण मेघाजी लोखंडे सहा वर्षं झगडले त्यासाठी. १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना काढली. रविवार हा खंडोबाचा वार, त्या दिवशी कामगाराला देवाला जाता आलं पाहिजे, असाही मुद्दा मांडला. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीला दहाएक हजार कामगारांची सभा झाली आणि १० जूनला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

भाची: मग दहा हजार माणसांनी मिळून केलेली आखणीच की ती. आजोबांना आयती मिळाली. माझ्या मैत्रिणीचा नवरा हॉस्पिटलात शिफ्टला, तिच्या बहिणीची सुट्टी मंगळवारी. सगळे एकदम मोकळे असतील असा वारच उरला नाही. दोन माणसांना भेटायचं तर तीन आठवडे आधी लिहावं लागतं. वर तुझ्या रेल्वेचा मेगाब्लॉक रविवारीच!

इथे मामा हसले. मला स्वतःला भाचीचं हे म्हणणं पटतं. चाळीतला मोकळाढाकळा रविवार आपण आठवतो, तो सगळ्यांचा एकाच दिवशी होता हे विसरतो. पण या रविवारातलं आणखी एक माणूस दोघांच्याही हिशेबात आलं नव्हतं. ते पदराला हात पुसत बाहेर आलं.

मामी: काही म्हणून ठरवलेलं नसायचं, हे कोण म्हणालं? आज आंबोळ्या खाल्ल्यात ना दोघांनी? काल सकाळी तांदूळ, उडीद डाळ, मेथ्या भिजत घातल्या, रात्री वाटल्या, तेव्हा आज तव्यावर पडल्या. नारळ परवाच आणून ठेवलेला. तुम्हाला साडेआठच्या आत मटणाला पिटाळलं, कारण नंतर रांग रस्त्यावर येते. सासूबाईंचंही हेच. मामंजी पत्ते खेळायला गेले की त्या कांदा-खोबरं भाजून पाट्यापाशी बसायच्या.

मामा: मला वाटायचं, तुला करायला आवडतं.

मामी: आवडतं. दर रविवारी आवडेलच असं नाही.

मामींचं हे गाऱ्हाणं एका घरापुरतं नाही. केंद्र सरकारने २०२४ मध्ये केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात, असं दिसलं. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची जातात ८८. महालक्ष्मीच्या त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या होत्या. त्यांनी मागितलेला रविवार गिरणीत मिळाला. खोलीवर चूल होतीच.

भाची: म्हणून म्हणते मामा, न ठरवता दिवस घालवणं ज्याला जमतं, त्याचा दिवस बहुतेक दुसऱ्या कुणीतरी ठरवलेला असतो. आपण लिहायला लागलो की निदान कोण काय करतंय ते दिसतं.

मामा: ते मान्य. माझं चुकत असेल तर तिच्यापाशी चुकलं. पण तुझी ती सव्वाअकराची घंटा मला अजून खुपतेय. तेवढ्यात मी तुला तुझ्या आईच्या लहानपणीची गोष्ट सांगायला लागलो होतो.

भाची: त्यात तुझं खरं आहे. सेलिन मालकोच आणि गॅब्रिएला टोनिएटो या दोघींनी २०१६ मध्ये यावर संशोधन छापलंय. मजेच्या गोष्टीची नेमकी वेळ बांधली की ती कामासारखी वाटायला लागते आणि गोडी कमी होते. पण नुसतं 'दुपारी कधीतरी' एवढंच ठरवलं तर गोडी जात नाही.

मामा: मग तू मिनिटं का बांधतेस?

भाची: सवय. ऑफिसात अर्ध्या अर्ध्या तासाचे चौकोन भरायचे असतात, घरीही हात तसाच चालतो. पुढच्या वेळी लिहीन, 'सकाळ मामांकडे'. किती वाजता उठायचं ते इथे आल्यावर बघू.

मामा: आणि सकाळ लांबून दुपार झाली तर?

भाची: तर नाटक बुडेल. म्हणून नाटकाच्या दिवशी मी येणार नाही. दोन्ही एकाच दिवसात कोंबायला गेले तिथेच बिघडलं. यादी करणं चूक नव्हतं, ती भरून काढायची हाव चूक होती.

मामा काहीतरी बोलणार होते, पण मामींनी भाचीच्या हातातल्या मोबाइलकडे बोट दाखवलं.

मामी: लिहितेच आहेस तर माझंही लिही. पुढचा रविवार. सकाळी मामी घरात नाही.

भाची: कुठे जाणार?

मामी: ते काही ठरवलेलं नाही.

मामा: आणि आंबोळ्या?

भाची: तुलाही जमतील मामा. फक्त डाळ-तांदूळ शनिवारी सकाळीच भिजत घालावे लागतात.